एम्प्रेस मिल ते एम्प्रेस मॉल

आरमोरीत मॉल नाही. आठवडी बाजार आहे, दिवाळी सरली की गावोगावची मंडई आहे, रोजचं कापड गावातल्या दुकानात मिळतं आणि थोडी मोठी खरेदी निघाली तर ब्रह्मपुरी, वडसा नाहीतर गडचिरोली गाठायची. लग्नाचा बस्ता फाडायचा असला की मात्र अनेकांचे पाय नागपूरकडे वळतात. नागभीड, भिवापूर, उमरेड करत एसटी गणेशपेठच्या स्थानकात सोडते आणि तिथून गांधीसागर तलावाशेजारचा एम्प्रेस मॉल जवळच. लुगड्यातली आजी सरकत्या जिन्याच्या पहिल्या पायरीशी थबकते, नातू हात धरून ओढतो, मागे लोक खोळंबतात आणि शेवटी सगळं घर साध्या जिन्याने वर जातं. हे दृश्य तिथे लग्नसराईत हमखास दिसायचं.

या जागेवर सव्वाशे वर्षं कापड विकलं जात नव्हतं, विणलं जात होतं. 1867 साली नागपूरला रेल्वे आली. जमशेदजी टाटांनी मुंबई सोडून इथे गिरणी काढायचं ठरवलं, कारण वऱ्हाड-नागपूरचा कापूस हाताशी होता, गाडी होती आणि वरोऱ्याचा कोळसा फार लांब नव्हता. वरोरा तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात. आरमोरीही त्याच जिल्ह्यात होती, थेट 1982 मध्ये गडचिरोली वेगळा होईपर्यंत. 1874 साली कंपनी उभी राहिली. जुम्मा तलावाजवळची पाणथळ जमीन घेऊन तिथे भराव घालायला सुरुवात झाली, तेव्हा एका सावकाराने कर्ज नाकारलं म्हणे; हा माणूस मातीत सोनं पुरतोय, असं त्याचं म्हणणं. पुढे त्याच सावकाराने कबूल केलं की यांनी माती टाकली आणि सोनं काढलं. टाटांच्या चरित्रांमधून ही गोष्ट हौसेने सांगितली जाते. 1 जानेवारी 1877 रोजी, व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर झाली त्याच दिवशी, गिरणी सुरू झाली आणि नाव पडलं एम्प्रेस. सुरुवातीला साडेचारशे माग होते.

व्यवस्थापक म्हणून नेमले बेझनजी दादाभाई मेहता. हे गृहस्थ रेल्वेच्या मालखात्यातले, कापडधंद्याचा अनुभव शून्य. तरी गिरणी त्यांनी नावारूपाला आणली. 1886 मध्ये कामगारांसाठी पेन्शन फंड निघाला, 1895 मध्ये अपघाताची भरपाई सुरू झाली. सरकारने अशा भरपाईचा कायदा केला तो 1923 साली. म्हणून गिरणी म्हणजे स्वर्ग होता असं कुणी समजू नये. देशातल्या गिरणी कामगारांचा पहिला संप म्हणून ज्याची नोंद सांगतात, तो मजुरीच्या दरावरून याच गिरणीत 1877 सालीच झाला होता. मालकाची उदारता आणि कामगाराची ओरड, दोन्ही एकाच भिंतीआड होती.

गिरणीच्या स्वस्त कापडाने हातमागाचं काय केलं हे विदर्भातल्या कोष्ट्यांना विचारावं. आरमोरीचा टसर मात्र यंत्राच्या तावडीतून बराचसा सुटला. ऐन-अर्जुनाच्या झाडांवर ढिवर समाजाची माणसं रेशमाच्या अळ्या राखतात. पाखरांना हाकलत, मुंग्यांना आवरत दिवसचे दिवस जंगलात काढतात. तयार झालेले कडक, मळकट पिवळे कोसे उकळून मऊ करायचे आणि धागा सोडवायचा. जुन्या रीतीत बाया तो मांडीवर वळत. धागा जाड-बारीक निघतो, त्याची झळाळी दबलेली असते आणि तेच त्याचं मोल. याच टसरावर विदर्भातली करवत काठी साडी विणली जाते, जिला आता भौगोलिक मानांकनही आहे. मॉलमध्ये बस्ता फाडायला गेलेल्या आमच्याकडच्या किती जणांना ही साडी आठवत असेल, याबद्दल मला शंका आहे.

गिरणीचा शेवट नेहमीच्याच वाटेने झाला. जुनी यंत्रं, साठत गेलेला तोटा, आणि 1986 मध्ये राज्याच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे ताबा. 2002 मध्ये ती बंद पडली. मुंबईत 1982 च्या संपानंतर लोअर परळच्या फिनिक्स मिलचं जे झालं, तेच इथेही घडलं: धोटं थांबलं आणि जमिनीला भाव आला. मुंबईत हाजी अलीजवळ 1999 मध्ये क्रॉसरोड्स उघडला तेव्हा गर्दी आवरेना, म्हणून काही काळ मोबाइल किंवा क्रेडिट कार्ड नसलेल्यांकडून प्रवेशाचे पैसे घेतले जात होते. नागपूरला ती पाळी आली नाही. 2010 च्या सुमारास एम्प्रेस मॉल सुरू झाला आणि त्यात कुणीही शिरावं, गारव्याला बसावं, काही न घेता बाहेर पडावं, अशी मोकळीक होती. मॉलची ही एक गोष्ट मला मनापासून आवडते. मोठ्या दुकानाच्या पायरीवर बिचकणारा माणूस इथे बिनधास्त फिरला.

धंद्याचं म्हणाल तर मॉलला गिरणीसारखी दमदार चाल लाभली नाही. शहरात दुसरे मॉल आले, सीताबर्डीचं गिऱ्हाईक बर्डीवरच राहिलं आणि 2019 मध्ये बँक कर्जाच्या एका प्रकरणात सक्तवसुली संचालनालयाने या मालमत्तेवर टाच आणली. गिरणीच्या व्यवस्थापकाचं नाव मात्र उत्तर नागपुरात बेझनबाग म्हणून रोजच्या बोलण्यात टिकून आहे.

आमच्याकडची पोरं आता नागपूरच्या, पुण्याच्या मॉलमध्ये कामाला जातात. कुणी पहारेकरी, कुणी कपड्यांच्या घड्या घालणारा, कुणी खाद्यदालनात ताटं उचलणारा. बहुतेकदा मधे कंत्राटदार असतो. तुमचा मुलगा किंवा भाचा अशा नोकरीवर निघाला असेल, तर पगार किती हे विचारण्याआधी पीएफ कापतात का आणि कापलेला खात्यात जमा होतो का, ते विचारून घ्या. तशी पावती हातात असल्याशिवाय त्याला गाडीत बसवू नका.