ऐंशी किलोंचा हट्ट

"अहो, हा छातीवर आडवा निळा पट्टा कसला?" मी बनियन बदलत असताना सौभाग्यवतींनी विचारलं आणि मी सरळ थाप मारली. म्हटलं, बसमध्ये ब्रेक लागला, दांड्यावर आपटलो. वयाच्या ५२ व्या वर्षी माणूस घरात खोटं बोलतो, तेव्हा प्रकरण साधं नसतं.

खरी हकिगत अशी. आदल्या संध्याकाळी पावसामुळे गल्लीतल्या व्यायामशाळेत कुणी फिरकलं नव्हतं. मी बेंच प्रेसच्या बाकावर उताणा पडलो, बारवर ८२.५ किलो चढवले आणि तो छातीपर्यंत आणला. त्यात पराक्रम काहीच नाही, ते काम गुरुत्वाकर्षण करतं. वर मात्र तो जाईना. प्लेटा सरकू नयेत म्हणून दोन्ही टोकांना क्लिपा घट्ट बसवलेल्या, त्यामुळे बार तिरका करून प्लेटा पाडून टाकायचीही सोय नाही. हाक मारायला छातीत हवा उरली नव्हती. शेवटी बार छातीवरून पोटावर, पोटावरून मांड्यांवर असा लोटत लोटत कसाबसा उठून बसलो. तो गळ्याच्या बाजूला कलंडला असता तर, हा विचार घरी आल्यावर सुचला आणि रात्रभर सुचत राहिला.

माझी तालीम लहानपणापासूनची. जोर-बैठका, लाल माती, वस्तादांच्या शिव्या, सगळं झालेलं. नोकरी लागली, अंग सुटलं, आणि चाळिशीनंतर पुन्हा व्यायामशाळेची पायरी चढलो तेव्हा मातीच्या जागी फरशी आणि आरसे आले होते. बेंच प्रेसची गोडी लागली. ४० चे ५० झाले, ५० चे ७०. आणि ८० वर गाडी जी अडकली ती दोन वर्षं. दर सोमवारी मी ८० मारायचो आणि दर सोमवारी ८२.५ मला मारायचे. मधल्या काळात उजवा खांदा असा धरला, की माळ्यावर सूटकेस ठेवायला शेजारच्या मुलाला बोलवावं लागे. तरी हट्ट सुटेना.

थाप पकडली ती मुलीने. ती कॉलेजात पॉवरलिफ्टिंग करते. बसच्या दांड्याचा पट्टा इतका सरळ आणि बरोबर बोटभर रुंद उमटत नाही, हे तिला कळायला वेळ लागला नाही. आईपुढे ती काही बोलली नाही. फक्त म्हणाली, "बाबा, उद्या मी येते तुमच्याबरोबर. आणि एकटे असाल तेव्हा क्लिपा लावायच्या नाहीत. खरं तर एकट्याने जड मारायचंच नाही."

दुसऱ्या दिवशी तिने मला ६० किलो मारायला लावले आणि बाजूने मोबाइलवर चित्रण केलं. ते पाहून माझा चेहरा उतरला. बार वरून धाडकन छातीवर येत होता, बरगड्यांवर चेंडूसारखा उसळत होता आणि त्या उसळीवर मी तो वर ढकलत होतो. कोपरं थेट कानांच्या दिशेने पसरलेली. पाय हवेत चुळबुळत होते. "स्पर्धेत तुमची एकही उचल धरली नसती," कन्या म्हणाली. पॉवरलिफ्टिंगच्या नियमानुसार बार छातीवर येऊन निश्चल झाला की मग पंच 'प्रेस' असा हुकूम देतात, आणि त्यानंतरच तो वर न्यायचा. तिने पंच होऊन हुकूम द्यायला सुरुवात केली. ६० गेले. ६५ कुंथत गेले. ७० गेलेच नाहीत. दोन वर्षं ज्याच्या जोरावर मिरवत होतो, त्या ८० पैकी १५ किलो बरगड्यांचे निघाले!

खाली येताना स्नायू ताणले जातात आणि ताणलेल्या रबरासारखी थोडी ताकद साठवतात. लगेच उलटं फिरलं तर ती ताकद फुकटात मिळते. छातीवर दोन सेकंद थांबलं की त्यातली बरीचशी विरून जाते आणि उरते ती आपली स्वतःची. म्हणून थांबून मारायचा बेंच हा प्रकार पहिला. त्यात वजन कमी घ्यावं लागतं, आणि ते घेताना आजूबाजूची पोरं बघत असतात. सगळ्यात जड भाग तोच.

बाकावर पडायचीही रीत असते, हे मला पन्नाशीनंतर कळावं! पाठीमागचे दोन्ही फरे एकमेकांकडे आणि खाली ओढून बाकात रुतवायचे. टाचा जमिनीत रोवायच्या. अंगठा बारभोवती वळवलेला हवाच, कारण बिनअंगठ्याच्या पकडीतून बार निसटला तर तो सरळ छातीवर येतो. कोपरं बरगड्यांना चिकटवायची नाहीत आणि काटकोनात पसरायचीही नाहीत, मधे कुठेतरी ठेवायची. बार छातीच्या खालच्या भागावर टेकवायचा आणि वर जाताना किंचित मागे, खांद्यांच्या रेषेत न्यायचा. ही वाट अंगवळणी पडायला मला दोन महिने लागले. खांद्याचं दुखणं मात्र त्याआधीच निम्मं झालं होतं.

मग प्रश्न आला, बार अडतो कुठे? हे मी कधी पाहिलंच नव्हतं. न जाणारं वजन पुन्हा पुन्हा ढकलत राहणं, एवढाच माझा उपाय. बार छातीवरून हलतच नसेल तर दुबळेपणा खालच्या टप्प्यात, म्हणजे छाती आणि खांद्याच्या पुढच्या भागात असण्याचा संभव. तिथे थांबून मारणं आणि तीन-चार सेकंद घेत सावकाश खाली आणणं उपयोगी. तो अर्ध्यावर जाऊन लटपटत असेल, तर दंडाच्या मागच्या बाजूचा ट्रायसेप्स कमी पडतोय. त्यासाठी पकड खांद्यांइतकी अरुंद घ्यायची. त्याहून अरुंद घेऊ नये, मनगटं कुरकुरतात. माझा बार अर्ध्यावर अडत होता. आणि मी दोन वर्षं छातीला दोष देत होतो.

दुसरा मला आवडलेला प्रकार जमिनीवरचा. पाठ फरशीला, हातात डंबेल्स. कोपर जमिनीला टेकलं की खाली जाणं आपोआप संपतं, त्यामुळे दुखऱ्या खांद्यावर ताण कमी आणि ट्रायसेप्सला काम भरपूर. बाक नव्हते तेव्हाचे पहिलवान जमिनीवरूनच बार ढकलत. घरी सतरंजीवरही हे करता येतं. आमच्याकडे त्या वेळी टीव्हीवरची मालिका चालू असते, हा भाग वेगळा. तिरक्या बाकाबद्दल फार लिहीत नाही. खांद्याला सोसेल तितकंच करावं. डंबेल्सची गंमत एवढीच, की दोन्ही हात आपापलं ओझं वाहतात आणि डावा हात इतके दिवस उजव्याच्या जिवावर जगत होता हे उघड होतं.

मुलीने एकदा राजिंदर सिंग राहेलू यांची गोष्ट सांगितली. पोलिओने पाय गेलेल्या या भारतीय खेळाडूने २००४ च्या अथेन्स पॅरालिम्पिकमध्ये ५६ किलो गटात कांस्यपदक मिळवलं. पॅरालिम्पिकच्या पॉवरलिफ्टिंगमध्ये बेंच प्रेस हा एकच प्रकार असतो. पायही बाकावरच पसरलेले, त्यामुळे जमिनीचा आधार नाही, आणि छातीवर थांबणं तिथेही चुकत नाही. त्या दिवसापासून मी पाय चुळबुळवणं बंद केलं.

एका बाबतीत मात्र वस्तादांचं पारडं जड निघालं. बेंचमध्ये फरे बाकाखाली जखडलेले असतात. जोर मारताना ते मोकळे फिरतात आणि त्यांना आवळून धरणारे बारीक स्नायू कामाला लागतात. कितीही बेंच मारला तरी हे काम तो करत नाही. मुलीने वहीत तक्ता आखला तेव्हा मी शेवटी जोर लिहायला लावले. तिने पहिल्या दिवशी २० मारले आणि दुसऱ्या दिवशी तिला केस विंचरता येईनात. मनातून बरं वाटलं, कबूल करतो.

तक्ता साधा आहे. सोमवारी जड, थांबून, कमी रेपचे सेट. गुरुवारी अरुंद पकड किंवा जमिनीवरचा प्रकार, हलकं वजन. सहा-आठ आठवडे एकच प्रकार धरायचा, मग बदलायचा. दर आठवड्याला नवा प्रकार केला तर आपण शिकतोय की नुसते दमतोय, हेच कळत नाही. वजन वाढवायचं ते दोन्ही बाजूंना सव्वा-सव्वा किलोच्या प्लेटांनी. एकेकाळी त्या प्लेटांकडे मी ढुंकूनही पाहत नसे.

सौभाग्यवतींना खरं सांगितलं ते तीन महिन्यांनी. त्या काही वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "बसचा पास मी तेव्हाच बघितला होता. संपलेला होता." आता सोमवारी मुलगी नसेल तर त्या धाकट्या भावाला माझ्याबरोबर धाडतात, आणि तो बिचारा माझ्या डोक्याशी उभा राहून बारकडे डोळे लावून असतो.

गेल्या महिन्यात ७७.५ किलो छातीवर दोन सेकंद थांबून वर गेले. मुलगी हुकूम द्यायला होती आणि तिने दोन सेकंदांचे तीन केले, असा माझा आरोप आहे. वहीत तिने तारीख घालून नोंद केली. मग पान मागे उलटून माझ्या अक्षरातल्या जुन्या ८० च्या नोंदीपुढे पेन्सिलीने लिहिलं, 'उसळीचे'. मी ते अजून खोडलेलं नाही. माळ्यावरची सूटकेस मात्र परवा मीच काढली.