जुनी ‘सेव्हन’ विकत घेताना...

छप्पर म्हणावे तर ताडपत्रीसारखे कापड, दरवाजे म्हणावे तर बटणांनी अडकवायचे पडदे आणि सामानाची जागा एखाद्या पिशवीपुरती. आरामाच्या कोणत्याही कसोटीवर नापास ठरणारी ही मोटार ब्रिटनमध्ये मात्र साठ वर्षांहून अधिक काळ विकली जात आहे. तिचे नाव ‘सेव्हन’. सुटीच्या दिवशी सकाळी वळणदार रस्त्यांवरून फेरफटका मारायचा आणि अधूनमधून तीच गाडी रेसिंग ट्रॅकवर नेऊन मनसोक्त पळवायची, ही दुहेरी हौस भागवणारे तिच्याइतके साधे वाहन दुसरे सापडणे कठीण. नव्या गाडीची किंमत आवाक्याबाहेरची वाटणारे साहजिकच सेकंडहॅण्ड बाजाराकडे वळतात आणि खरी गोची तेथे सुरू होते. कारण यातील अनेक गाड्या कारखान्यात नव्हे, तर कुणाच्या तरी घरामागच्या शेडमध्ये पाने-स्क्रू ड्रायव्हर घेऊन जोडलेल्या असतात. जोडणारा कसबी होता की उतावळा, हे गाडीकडे वरवर पाहून कळत नाही.

हा प्रकार रूढ झाला तो ब्रिटिश करपद्धतीमुळे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात संरचना अभियांत्रिकी शिकलेल्या कॉलिन चॅपमन यांनी १९५७ मध्ये ‘लोटस सेव्हन’ बाजारात आणली. पोलादी नळ्यांचा सांगाडा, त्यावर अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा आणि फोर्डचे साधे इंजिन, एवढाच तिचा संसार. तयार मोटारीवर त्या काळी खरेदी कर द्यावा लागे. सुट्या भागांचा संच घेऊन ग्राहकाने स्वत: गाडी जोडली, तर तो कर वाचे. अट अशी की, संचासोबत जोडणीच्या सूचना द्यायच्या नाहीत. त्यावर चॅपमन यांनी गाडी ‘सुटी कशी करावी’ याची पुस्तिका दिली आणि ग्राहकांनी ती शेवटून वाचली, अशी गोष्ट मोटारप्रेमींत आजही चवीने सांगितली जाते. १९७३ मध्ये ब्रिटनमध्ये मूल्यवर्धित कर आला आणि ही सवलत संपली. त्याच वर्षी ग्रॅहम नर्न यांच्या कॅटरहॅम कंपनीने सेव्हनचे हक्क घेतले. फायबरग्लासच्या चौथ्या आवृत्तीवर थोडा काळ घालवून ती पुन्हा अ‍ॅल्युमिनियमच्या तिसऱ्या आवृत्तीकडे वळली आणि आजतागायत तोच साचा चालू आहे. २०२१ पासून कॅटरहॅमची मालकी जपानच्या व्हीटी होल्डिंग्ज या उद्योगाकडे आहे.

कर गेला तरी हौस राहिली. ऐंशीच्या दशकात वेस्टफील्ड या कंपनीने फायबरग्लासच्या बॉडीची तशीच मोटार काढली. कॅटरहॅमशी तिचा कायदेशीर तंटाही झाला. १९९६ मध्ये रॉन चॅम्पियन यांनी अवघ्या अडीचशे पौंडांत स्पोर्ट्स कार कशी बांधावी, याचे पुस्तक लिहिले. त्यावरून वेल्डिंग येणाऱ्या हौशी मंडळींनी ‘लोकॉस्ट’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या असंख्य गाड्या घडवल्या. त्यामुळे जाहिरातीत ‘सेव्हन’ लिहिलेले असले तरी समोर येणारी गाडी नेमकी यापैकी कोणती, हा पहिला प्रश्न. कॅटरहॅमची किंमत सर्वांत कमी घसरते. वेस्टफील्ड स्वस्त पडते. मात्र कंपनी २०२२ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, हे सुट्या भागांचा विचार करताना ध्यानात ठेवावे लागते. लोकॉस्ट तर ज्याने बांधली त्याच्या हाताइतकीच चांगली.

या गाडीचे सारे सामर्थ्य तिच्या हलकेपणात आहे. साध्या सेव्हनचे वजन पाचशे ते सहाशे किलोंच्या दरम्यान भरते. आपल्याकडच्या टाटा नॅनोचे वजनही सहाशे किलोंच्या घरात होते. तेवढ्या वजनाला १२० अश्वशक्तीचे इंजिन लावले की टनामागे दोनशेहून अधिक अश्वशक्ती होते. हलक्या गाडीचा दुसरा फायदा खिशाला जाणवतो. जड स्पोर्ट्स कार ट्रॅकवर एका दिवसात ब्रेक पॅड आणि टायर खाऊन टाकते, तर सेव्हनचे तेच भाग दीर्घकाळ टिकतात. या हलकेपणाची किंमतही आहेच. गाडीत एअरबॅग नाही, एबीएस नाही, बाजूने धडक बसली तर मध्ये पातळ पत्रा. चालकाला वाचवणारी गोष्ट म्हणजे नळ्यांचा सांगाडा आणि डोक्यामागची रोलबार. म्हणूनच जुनी सेव्हन पाहताना रंग आणि चकाकी नंतर पाहावी, आधी जमिनीवर आडवे व्हावे.

सांगाडा वाकलेला आहे का, हे पाहण्याची सर्वांत महत्त्वाची जागा म्हणजे पुढच्या चाकाजवळ खालचा विशबोन जेथे चासीला जोडला जातो तो भाग. ट्रॅकवर गाडी फिरली आणि चाक कडेच्या उंचवट्यावर आदळले, की तो धक्का विशबोनमधून थेट याच नळीत उतरतो. विशबोन बदलणे सोपे. नवा बसवला की बाहेरून काही कळत नाही. आत नळीला मात्र किंचित बाक राहतो. हातात बॅटरी आणि छोटा आरसा घेऊन तेथे नळी सरळ आहे का पाहावे, शेजारच्या पत्र्याला लाटा किंवा सुरकुती आहे का हे बोटांनी चाचपावे. बाकीचे रिव्हेट मळलेले आणि एकाच पट्टीतले चकचकीत असतील तर तो पत्रा कधीतरी उघडला गेला आहे. विक्रेत्याला त्याचे कारण विचारावे. कारण असू शकते, पण ते त्याच्या तोंडून आणि बिलासह ऐकलेले बरे. नाकाचा फायबर भाग बदललेला असणे हा तेवढा गंभीर दोष नव्हे. दगड लागून तो तसाही खराब होतो. समोरासमोरचे कोपरे टेपने तिरपे मोजावेत, दोन्ही बाजूंची मापे जुळावीत. सरळ रस्त्यावर हात सैल सोडल्यावर गाडी एका अंगाला ओढत असेल किंवा स्टिअरिंग तिरके राहत असेल, तर ते निव्वळ अलाइनमेंटचे काम आहे असे विक्रेता सांगेल. अलाइनमेंट इतके किरकोळ असते, तर विकण्याआधी त्यानेच ते करून घेतले नसते का?

येथे एक गोष्ट ठसठशीतपणे सांगायला हवी. ब्रिटनमध्ये वाहनाचा अपघाती इतिहास पैसे भरून तपासता येतो. विमा कंपनीने निकालात काढलेल्या गाडीवर २०१७ पासून ‘एस’ किंवा ‘एन’ असा शेरा बसतो. रस्त्यावरच्या नेहमीच्या विम्यात ट्रॅकवरचा अपघात मात्र बहुधा समाविष्ट नसतो. परिणामी ट्रॅकवर भिंतीला धडकलेली गाडी मालक स्वखर्चाने दुरुस्त करतो आणि त्याची नोंद कुठेच होत नाही. कोरा अहवाल हाती आला म्हणजे गाडी कोरी, असा समज करून घेणाऱ्याची फसगत येथेच होते. कागद सांगत नाही ते नळी सांगते.

गंजाचा प्रश्न वेगळा. चासीवर पावडर कोटिंगचा थर असतो. कालांतराने त्याला बारीक चिरा पडतात आणि ब्रिटिश हिवाळ्यात रस्त्यांवर टाकलेले मीठमिश्रित पाणी त्यात शिरते. थर वरून शाबूत दिसतो, आतून पोलाद पोखरले जाते. शिवाय पोलाद आणि अ‍ॅल्युमिनियम जेथे एकमेकांना चिकटून असतात तेथे ओल धरली की दोन धातूंमध्ये विद्युत-रासायनिक क्रिया सुरू होते. पत्र्याच्या कडेला पांढरी भुकटी दिसली की ते ओळखावे. खालच्या नळ्यांवर स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने टकटक करून पाहणारा ग्राहक विक्रेत्याला आवडत नाही, पण ते करावेच.

इंजिनांची वंशावळ मोठी आहे. जुन्या गाड्यांत फोर्डचे क्रॉसफ्लो, पुढे व्हॉक्सहॉलचे दोन लिटर, नव्वदच्या दशकात रोव्हरचे के-सिरीज, त्यानंतर फोर्डची सिग्मा आणि ड्युराटेक. क्रॉसफ्लो कुठलाही जुना मेकॅनिक दुरुस्त करील. कार्ब्युरेटरची जुळवणी आणि टॅपेटचा आवाज यांची आवड मात्र हवी. ड्युराटेक मजबूत समजले जाते. के-सिरीज वजनाला हलके आणि म्हणून सेव्हनला अगदी शोभणारे. पण त्याचे हेड गॅस्केट ही ख्यातनाम दुखरी नस आहे. तेल भरण्याचे झाकण उघडून आतल्या बाजूला मलईसारखा पिवळट थर आहे का, थंड इंजिनातले कूलंट कमी झाले आहे का, हे पाहणे त्यासाठीच. झाकणावरचा थर थंडीत कमी वापरल्यामुळेही साचतो, म्हणून एवढ्यावरून निर्णय न देता कॉम्प्रेशन तपासून घ्यावे. गाडी पाहायला जाण्यापूर्वी ‘इंजिन गरम करून ठेवू नका’ असे आवर्जून सांगावे. गेल्यावर बोनेट गरम लागले, तर थंडीत सुरू होताना काय होते ते लपवण्याचा तो प्रयत्न असू शकतो.

ट्रॅकसाठी गाडी घेणाऱ्याने तेलाच्या चेंबरबद्दल खोलात विचारावे. लांब, वेगवान वळणावर चेंबरमधले तेल एका बाजूला सरकते, पंपाचे तोंड क्षणभर कोरडे पडते आणि तेवढ्यात बेअरिंग खलास होते. टायर जितके चिकट तितका हा धोका अधिक. त्यावर उपाय म्हणजे चेंबरमध्ये आडपडदे घालणे किंवा तेलाची टाकी वेगळी ठेवणारी ‘ड्राय सम्प’ रचना. ही रचना आधीच बसवलेली असेल, तर जास्तीची किंमत मोजणे शहाणपणाचे. चेंबर जमिनीच्या फार जवळ असल्याने गतिरोधकावर घासल्याच्या खुणाही तेथे सापडतात. मीटरवरचे मैल पाहून हुरळून जाऊ नये. ट्रॅकवरच्या इंजिनाचे आयुष्य मैलांत नव्हे, तासांत मोजतात. उलट अगदीच कमी चाललेल्या गाडीचे टायर नक्षी शाबूत असूनही वयाने कडक झालेले असतात. टायरच्या कडेवरचे चार आकडे निर्मितीचा आठवडा आणि वर्ष सांगतात.

मागच्या बाजूला डी डिऑन अ‍ॅक्सल असलेल्या कॅटरहॅममध्ये ए-आकाराच्या जोडाचा बुश लवकर झिजतो. गिअर बदलताना किंवा पेडल सोडताना मागून ‘ठक्’ असा आवाज आला, की बहुधा तोच गुन्हेगार. काम स्वस्त आहे. किंमत कमी करून मागायला मात्र उपयोगी.

कागदपत्रांचा भाग कंटाळवाणा, तरी टाळण्याजोगा नाही. १९९८ पासून ब्रिटनमध्ये घरी बांधलेल्या मोटारीला ‘एसव्हीए’ आणि २००९ पासून ‘आयव्हीए’ ही सरकारी तपासणी उत्तीर्ण व्हावी लागते. (तपासणीपुरते धारदार कडांवर बसवलेले रबर घरी येताच काढून टाकण्याची रीत सर्वश्रुत आहे!) सर्व भाग नवे असतील तर नव्या सालाचा नोंदणी क्रमांक मिळतो, वय किंवा मूळ सिद्ध करता आले नाही तर ‘क्यू’ अक्षराचा क्रमांक येतो आणि विकताना भाव पडतो. याहून गंभीर बाब म्हणजे समोर सेव्हन उभी आणि नोंदणीपत्रात ‘फोर्ड सिएरा, सलून’ असा मजकूर. ज्या जुन्या गाडीचे भाग वापरले तिच्याच कागदांवर नवी गाडी चालवण्याचा हा प्रकार आहे. अशी नोंदणी रद्द होऊ शकते आणि ती गाडी रस्त्यावर आणता येत नाही. चासी आणि इंजिनावरचे क्रमांक नोंदणीपत्राशी स्वत: ताडून पाहावेत. वार्षिक ‘एमओटी’ तपासणीचा इतिहास सरकारी संकेतस्थळावर फुकट मिळतो. त्यातले मैलांचे आकडे आणि किरकोळ शेरे पुष्कळ काही सांगून जातात. जोडणीच्या वेळचे फोटो, भागांची बिले आणि कोणता बोल्ट किती टॉर्कने आवळला याची वही जपून ठेवणाऱ्या मालकाची गाडी चार पैसे जास्त देऊन घ्यावी.

रस्ता आणि ट्रॅक ही दोन्ही गणिते एकाच गाडीत सुटत नाहीत, हेही समजून घ्यावे. कडक सस्पेन्शन आणि समोरच्या काचेऐवजी छोटा पडदा लावलेली गाडी ट्रॅकवर सुखावते. घरापासून दोन तास दूर असलेल्या त्या ट्रॅकपर्यंत पावसातून पोहोचणे मात्र शिक्षा ठरते. ट्रॅकवर आवाजाची मर्यादा असते. सायलेन्सरच्या तोंडापासून अर्ध्या मीटरवर, तिरप्या कोनात यंत्र धरून इंजिन जोरात फिरवले जाते आणि मर्यादा ओलांडली तर भरलेले पैसे सोडून घरी परतावे लागते. खरेदीपूर्वी डेसिबलचा आकडा विचारावा. बॉडीच्या बाजूने जाणारा हा तापलेला सायलेन्सर उतरताना पोटरीला चटका देतो, तो वेगळाच. लंडनच्या प्रदूषण नियंत्रण क्षेत्रात जुन्या इंजिनाच्या अनेक गाड्यांना दररोज शुल्क पडते. आणि गाडीत बसून पाहिल्याशिवाय तर सौदा करूच नये: पेडलची जागा इतकी अरुंद असते की नेहमीच्या बुटांनी दोन पेडल एकदम दाबली जातात. उंच, धिप्पाड माणसाने रुंद ‘एसव्ही’ चासी शोधावी.

ब्रिटनमध्ये नोकरीनिमित्त राहणाऱ्या एखाद्या मराठी अभियंत्याला ही गाडी पुढे पुण्याला नेण्याचा मोह झाला, तर त्याने तो आवरावा. तीन वर्षांहून जुनी मोटार भारतात आयात करता येत नाही, आणि आयात शुल्काचा बोजा वेगळाच.

सौदा झाल्यावर पहिल्याच आठवड्यात ट्रॅक गाठू नये. इंजिनाचे तेल, ब्रेकचे तेल आणि कूलंट बदलावे, बेल्टच्या शिलाईची अवस्था पाहावी, ट्रॅकसाठी वेगळा विमा घ्यावा. मग शंभरेक मैल साध्या रस्त्यावर चालवून, टॉर्क रेंच हाती घेऊन सस्पेन्शनचा प्रत्येक बोल्ट पुन्हा तपासावा आणि तपासलेल्या बोल्टवर रंगाची बारीक रेघ ओढावी. पुढच्या खेपेस ती रेघ तुटलेली दिसली, तर बोल्ट सैल झाला आहे.