तंबू उठतो, माणूस कोठे जातो?

शहरातील मनुष्य रात्री कोठे झोपतो, हा प्रश्न शहराच्या कारभाऱ्यांना एरवी पडत नाही. तो पडतो, तो मनुष्य उघड्यावर झोपू लागला म्हणजे. मग तक्रारींचे अर्ज येतात, दुकानदारांची शिष्टमंडळे येतात, मुलांना घेऊन बागेत जाणाऱ्या आया कुरकुरतात. आणि ह्यांपैकी कोणाचेही म्हणणे खोटे नसते. रस्ता चालण्यासाठी असतो, बाग विसाव्यासाठी असते, आणि पुलाखाली पेटविलेल्या शेगडीने आग लागू शकते. परंतु तंबू उठविण्याचा हुकूम सुटल्यावर तंबूतील माणसाने त्या रात्री कोठे जावे, याचे उत्तर हुकमात बहुधा लिहिलेले नसते. अमेरिकेतील, विशेषतः पॅसिफिक किनाऱ्यावरील शहरे गेली वीस वर्षे ह्या न लिहिलेल्या उत्तराशी झगडत आहेत.

त्या देशात दरवर्षी जानेवारीच्या अखेरीस एका रात्री बेघरांची शिरगणती होते. 2024 च्या जानेवारीत ती संख्या 7,71,480 भरली. त्यांपैकी सुमारे 2,74,000 माणसे कोणत्याही निवाऱ्यात नव्हती. ती तंबूत, पदपथावर, पुलाखाली अथवा मोटारीत झोपली होती. एकट्या कॅलिफोर्निया राज्यात बेघरांचा आकडा 1,87,000 च्या घरात होता. कारणे सांगताना नशाबाजी व मनोविकार यांचा उल्लेख प्रथम होतो. तो खोटा नाही, पण अपुरा आहे. डेट्रॉइट शहरात दारिद्र्य अधिक, आणि व्यसनेही काही कमी नाहीत. तरी लोकसंख्येच्या मानाने तेथे बेघर माणसे सिॲटल वा सॅन फ्रान्सिस्को येथल्यापेक्षा पुष्कळच कमी आढळतात. फरक आहे तो घरभाड्याचा. जेथे भाडे पगाराच्या पुढे धावते, तेथे आजारपण, घटस्फोट, नोकरीतील खंड असे एखादे निमित्तही माणसाला रस्त्यावर आणण्यास पुरते.

वस्ती हटविण्याचे काम प्रत्यक्षात कसे चालते, ते पाहण्याजोगे आहे. प्रथम तंबूवर किंवा जवळच्या खांबावर नोटीस लागते. मुदत शहरागणिक वेगळी. कोठे 24 तास, कोठे 72. मधल्या वेळात समाजसेवक येतात आणि निवाऱ्यातील खाट देऊ करतात. ती घेण्यास अनेकजण नाखूष असतात, आणि बाहेरच्यांना तो हट्ट वाटतो. परंतु पुष्कळ निवाऱ्यांत नवराबायकोला वेगळे केले जाते, कुत्र्याला मज्जाव असतो, सामान दोन पिशव्यांपलीकडे नेता येत नाही आणि सकाळी बाहेर पडावे लागते. रात्रपाळी करणाऱ्याला तर अशा खाटेचा उपयोगच नाही. ठरलेल्या सकाळी पोलीस, सफाई कामगार आणि कचरा दाबणारी मोठी गाडी येते. दोन-चार तासांत जागा मोकळी होते. दुपारी वर्तमानपत्रात स्वच्छ रस्त्याचे छायाचित्र येते.

त्या गाडीत जे जाते त्याची मोजदाद क्वचितच होते. फाटक्या गाद्या आणि उष्टे डबे त्यात असतातच. पण त्यांच्याबरोबर ओळखपत्र, जन्माचा दाखला, औषधाच्या गोळ्या आणि हिवाळ्याची एकुलती रजईही जाते. ओळखपत्र गेले की सरकारी घरासाठीचा अर्ज अडतो. नवे काढण्यास आठवडे लागतात, आणि तोवर तो मनुष्य चार गल्ल्या पलीकडे नवा तंबू ठोकून बसलेला असतो. म्हणजे ज्या खात्याने त्याला घर द्यावयाचे, त्याचेच काम दुसऱ्या खात्याने आठ-दहा आठवडे मागे ढकललेले असते. लॉस एंजेलिस येथे तर स्नानाला किंवा कचेरीत गेलेल्या माणसांचे सामान बेवारशी ठरवून जागच्या जागी नष्ट करण्यात आले होते. 2012 साली तेथील संघीय अपील न्यायालयाने निकाल दिला की, पदपथावर ठेवलेली असली तरी गरिबाची वस्तू ही त्याची मालमत्ताच होय; ती झडतीजप्तीच्या कायद्याविरुद्ध हिरावून घेता येत नाही. पुढे त्या शहराच्या नियमांत उचललेले सामान 90 दिवस सांभाळण्याची तरतूद आली. अर्थात् गोदाम शहराच्या एका टोकाला आणि मालक पायी चालणारा असेल, तर ह्या तरतुदीची किंमत किती, हे सांगण्याची गरज नाही.

मोटारीत राहणाऱ्यांचा प्रकार आणखी निराळा. भाडे थकल्यावर घर सुटते, पण गाडी उरते. तिला कुलूप असते, छप्पर असते, आणि तीतून सकाळी कामावरही जाता येते. पडदे लावलेली जुनी मोटार किंवा चाकांवरचे घर दिसले, की आत बहुधा अलीकडेच बेघर झालेले कुटुंब असते. अशांना हटविण्यासाठी शहराला तंबूबंदीचा कायदाही लागत नाही. वाहने उभी करण्याचे साधे नियम पुरतात. सिॲटलमध्ये एका जागी 72 तासांहून अधिक काळ गाडी उभी ठेवता येत नाही. 2016 साली तेथील एका कारागिराचा ट्रक ह्या नियमाखाली ओढून नेण्यात आला. तो त्यातच राहत होता, आणि त्याच्या कामाची हत्यारेही त्यातच होती. ट्रक परत मिळविण्यासाठी त्याच्यावर साडेपाचशे डॉलरांहून अधिक बोजा पडला. मधल्या रात्री त्याने उघड्यावर काढल्या. प्रकरण वॉशिंग्टन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. 2021 साली न्यायालयाने म्हटले, की ज्या वाहनात मनुष्य राहतो ते कायद्याच्या दृष्टीने त्याचे राहते घर ठरते, आणि त्याच्या ऐपतीचा विचार न करता केलेली ही वसुली म्हणजे घटनेने निषिद्ध मानलेला अवाजवी दंड होय. गाडी ओढून नेण्याचा अधिकार मात्र शहराकडे राहिला. लॉस एंजेलिसने वाहनाचा निवासासाठी वापर करण्यास बंदी घातली होती, ती 1983 सालापासून. 2014 साली ती संदिग्धतेच्या दोषामुळे रद्द झाली. मोटारीत उशी किंवा अन्नाचा डबा असणे म्हणजे निवास काय, हे ना पोलिसाला सांगता येत होते, ना गाडीवाल्याला.

ह्याच किनाऱ्यावरील सँटा बार्बरा येथे 2004 साली एक साधी युक्ती निघाली. देवळांची, कचेऱ्यांची वाहनतळे रात्री रिकामीच असतात. तेथे नाव नोंदवून थोड्या गाड्या रात्रीपुरत्या उभ्या कराव्यात, आणि सकाळी जागा मोकळी करावी. हा घराला पर्याय नव्हे. पण त्यामुळे गाडी वाचते, नोकरी टिकते आणि समाजसेवकाला माणूस पुन्हा भेटतो. पुढे अनेक शहरांनी तिचे अनुकरण केले.

ज्याला झोपण्यास दुसरी जागाच नाही, त्याला झोपल्याबद्दल शिक्षा करावी काय? ह्या मूळ प्रश्नाचा न्यायालयीन निवाडा दोनदा, आणि उलटसुलट झाला. आयडाहो राज्यातील बॉयसी शहराच्या खटल्यात 2018 साली संघीय अपील न्यायालयाने सांगितले, की निवाऱ्यात खाट उपलब्ध नसताना बाहेर झोपणाऱ्याला शिक्षा करणे ही घटनेच्या आठव्या दुरुस्तीने वर्ज्य ठरविलेली क्रूर शिक्षा होय. त्यानंतर ऑरेगन राज्यातील ग्रँट्स पास ह्या सुमारे 38,000 वस्तीच्या गावाचे प्रकरण उभे राहिले. त्या गावी नगरपालिकेचा निवारा नव्हता; एका धर्मसंस्थेचा होता, आणि तेथे प्रार्थनेस हजर राहण्याची अट होती. सार्वजनिक जागी अंथरूण टाकल्यास 295 डॉलर दंड होई आणि तो न भरल्यास 537 डॉलरांवर जाई. पुन्हापुन्हा पकडल्यास उद्यानात येण्यास बंदी, आणि ती मोडल्यास 30 दिवसांपर्यंत तुरुंगवास. ह्या लोकांना गावात राहणे इतके अवघड करावे की ते पुढच्या रस्त्याला लागतील, असा विचार 2013 सालच्या एका सभेत नगरसभेच्या प्रमुखाने बोलूनही दाखविला होता. 28 जून 2024 रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी गावाच्या बाजूने निकाल दिला. न्यायमूर्ती गोर्सच यांच्या मते हे नियम बेघर असण्याला नव्हे, तर मुक्काम करण्याच्या कृतीला शिक्षा देतात, आणि ते सहलीला आलेल्या प्रवाशालाही सारखेच लागू होतात. न्यायमूर्ती सोटोमायॉर यांनी विरोधी निकालपत्रात दाखवून दिले, की झोप ही शरीराची गरज आहे. घर असणारा ती घरात भागवितो, ज्याला घर नाही त्याच्यापुढे निवडच नसते.

निकालानंतर महिन्याभरातच कॅलिफोर्नियाच्या राज्यपालांनी सरकारी जमिनींवरील तंबू हटविण्याचा आदेश काढला. पुढे अनेक शहरांनी बंदीचे नवे नियम केले, आणि जुलै 2025 मध्ये अशी बंदी अमलात आणणाऱ्यांना संघीय अनुदानात झुकते माप देण्याचा आदेश राष्ट्राध्यक्षांनी काढला.

मराठी वाचकाला हा वाद नवा वाटण्याचे कारण नाही. तो ह्याआधी 39 वर्षे भारताच्या सर्वोच्च न्यायालयात झाला होता, आणि तोही मुंबईच्या पदपथांवरून. जुलै 1981 मध्ये, ऐन पावसाळ्यात, मुख्यमंत्री अंतुले यांनी पदपथवासीयांना मुंबईबाहेर आपापल्या गावी धाडण्याची घोषणा केली. झोपड्या मोडल्या गेल्या, माणसे बसगाड्यांत बसविली गेली. सेलमला पोहोचविलेला एक जण कामाच्या शोधात पुन्हा मुंबईत परतला. त्याची हकीकत खटल्याच्या कागदपत्रांत नोंदलेली आहे. पत्रकार ओल्गा टेलिस आणि इतरांच्या अर्जांवर 10 जुलै 1985 रोजी सरन्यायाधीश यशवंत विष्णु चंद्रचूड यांनी घटनापीठाच्या वतीने निकाल दिला. उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, हे तत्त्व त्याने प्रस्थापित केले. मनुष्य पदपथावर राहतो तो हौसेने नव्हे, काम जवळ असते म्हणून, हेही मान्य केले. तरी पदपथ अडविण्याचा हक्क कोणालाही नाही, असे ठरवून महापालिकेचा हटविण्याचा अधिकार कायम ठेवला. सवलत एवढीच, की 31 ऑक्टोबर 1985 पर्यंत, म्हणजे पावसाळा उलटून जाईपर्यंत, झोपड्यांना हात लावू नये. 1976 च्या गणतीत ओळखपत्रे मिळालेल्यांना मालवणी येथे किंवा अन्यत्र जागा द्यावी, असे सांगितले. पण जागा दिल्याशिवाय हटवू नये, असे मात्र म्हटले नाही. तत्त्व मोठे, हाती आलेली मुदत साडेतीन महिन्यांची.

न्यायालय फार तर काय करू नये ते सांगते. काय करावे ते शहरालाच ठरवावे लागते. लॉस एंजेलिस येथील एको पार्क तळ्याकाठची वस्ती मार्च 2021 मध्ये शेकडो पोलिसांच्या बंदोबस्तात हटविण्यात आली. तेथल्या बहुतेकांना हॉटेलांच्या खोल्या व तात्पुरते निवारे मिळाले, म्हणून प्रथम तिचा गौरवही झाला. वर्षभराने विद्यापीठातील अभ्यासकांनी शोध घेतला, तेव्हा यादीतील 183 जणांपैकी कायमच्या घरात पोहोचलेले अवघे 17 आढळले. अनेकांचा तर ठावठिकाणाच लागला नाही.

टेक्सासमधील ह्यूस्टन शहराने क्रम उलटा लावला. ह्या शहराला एक सोय आहे, ती विसरता कामा नये: तेथे जमिनीच्या वापरावरील निर्बंध थोडे, त्यामुळे घरे पुष्कळ बांधली जातात आणि भाडी तुलनेने स्वस्त असतात. पण तेवढ्याने काम झाले असते, तर ते 2011 पूर्वीच व्हावयास हवे होते. त्या साली ह्यूस्टन परिसरात सुमारे 8,500 बेघर मोजले गेले. पुढे शंभराहून अधिक संस्था, शहर आणि परगणा यांनी एकच यादी व एकच पैशाची थैली केली. संख्या 2023 पर्यंत 3,300 च्या आत आली. तेथेही उघड्यावर मुक्काम करण्यास बंदी आहे, आणि वस्त्या हटविल्या जातात. मात्र आधी काही आठवडे कार्यकर्ते तंबूतंबूंतून फिरून नावे नोंदवितात, हरवलेली कागदपत्रे काढून देतात, आणि घरमालकांशी भाड्याच्या हमीचा करार करतात. ज्याची खोली तयार नसेल त्याला 2023 साली उघडलेल्या मधल्या केंद्रात ठेवतात. तेथे कुत्रा चालतो आणि जोडपेही चालते. तंबूवाल्याच्या हाती किल्ली आल्यावर त्याचा तंबू उतरविला जातो. शेवटचा तंबू उतरला म्हणजे जागेवर मुक्कामबंदीची पाटी लागते. कचऱ्याची गाडी येते ती त्या दिवशी.