तलाठ्याची नोंद, मंडळ अधिकाऱ्याची मंजुरी

दोडामार्गात काजूच्या बागेची भाऊबंदांत वाटणी झाली की फेरफाराची नोंद तलाठी घालतो. संबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी १५ दिवस मिळतात. नोंद प्रमाणित करतो तो मंडळ अधिकारी, आणि मगच सातबारा बदलतो. लिहिणारा वेगळा, मंजूर करणारा वेगळा. १९६६च्या जमीन महसूल संहितेतली ही शिस्त ई-फेरफारात, संगणकावरही टिकली आहे. मला ती फार मोलाची वाटते.

रिलेशनल डेटाबेसमध्ये अशी शिस्त स्कीमा आणि रोल यांच्यातून उभी राहते. संगणकशास्त्रज्ञ एडगर कॉडने १९७०मध्ये माहिती तक्त्यांत मांडायची कल्पना दिली. एकत्र ठेवलेल्या तक्त्यांचा कप्पा म्हणजे स्कीमा. समजा, ‘दोडामार्ग’ स्कीमात फेरफार, सातबारा आणि पीकपाहणी हे तक्ते आहेत. ‘सावंतवाडी’ स्कीमातही त्याच नावांचे तक्ते असू शकतात, गल्लत होत नाही.

आता पोस्टग्रेस या रिलेशनल डेटाबेसमध्ये ही आज्ञा द्या: ‘ग्रँट इन्सर्ट ऑन दोडामार्ग.फेरफार टू तलाठी’. इथे तलाठी हा माणूस नाही, पद आहे. माणसाचं लॉगिन त्या रोलचं सदस्य करायचं. बदली झाली की सदस्यत्व काढायचं. तक्त्यांवरच्या परवानग्यांना हातही लावावा लागत नाही. नवशिके मात्र इथेच अडतात. तक्त्याची परवानगी देऊनही ‘परमिशन डिनाइड’ येतं, कारण स्कीमावरची ‘यूसेज’ द्यायची राहिलेली असते. कपाटाची किल्ली दिली, पण खोलीत शिरू दिलं नाही, तशातली गत.

१५ ऑगस्ट २०२१पासून ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतःच मोबाइलवरून पीक नोंदवू लागला. डेटाबेसच्या नजरेतून हा एक नवा रोल: सातबारातल्या गाव नमुना बारात, म्हणजे पिकांच्या नोंदीत लिहिता येतं, मालकीच्या नमुना सातात नाही. पण इथे नुसती तक्त्याची परवानगी पुरत नाही. दोडामार्गातल्या भेडशीच्या शेतकऱ्याला फक्त स्वतःच्या गटाच्या ओळी दिसायला हव्यात. त्यासाठी पोस्टग्रेसमध्ये ओळीगणिक नियम लावता येतो. त्याने सगळा तक्ता मागितला तरी त्याच्याच ओळी हाती येतात.

तक्त्याच्या मालकाला मात्र हा नियम आपोआप लागू होत नाही, ‘फोर्स’ असं वेगळं सांगावं लागतं. सुपरयूझरला तर तेही अडवत नाही. तरीही कित्येक ठिकाणी रोजचं ॲप याच खात्यांवरून चालवतात, कारण तिथे काहीच अडत नाही. लोकांच्या जमिनीच्या नोंदी असतील, तर ॲपला आधी स्वतंत्र, मोजक्या परवानग्यांचा रोल द्यावा.