अनक्ष बालक आणि आपले कर्तव्य

दौहृदाच्या अवमाननेने जन्मणाऱ्या विकृत संततीत सुश्रुताचार्यांनी ‘अनक्ष’, म्हणजे नेत्ररहित बालकाचाही निर्देश शारीरस्थानात केला आहे. तथापि या वचनाच्या आधारे मातेच्या अपुऱ्या डोहाळ्यांना दोष देणे आम्हांस उचित वाटत नाही. दौहृदाचा काळ चौथ्या मासाचा. नेत्रांची घडण मात्र गर्भाच्या चौथ्या आठवड्यातच, मातेला गर्भाची चाहूल लागते न लागते तोच, आरंभते.

सॉक्स-२ या जनुकातील दोष हे या विकृतीचे एक प्रमुख कारण असल्याचे २००३ मध्ये दिसून आले. हा दोष बहुधा बालकातच नव्याने उद्भवतो. त्याच्यासोबत अन्ननलिकेचा अवरोध, जननेंद्रियांची विकृती आणि पीयूष ग्रंथीची दुर्बलता आढळू शकते. म्हणून अशा बालकाच्या मुखाकडे प्रथम पाहावे. फेसाळ लाळ सतत वाहत असेल, स्तनपान करताना ठसका लागून बालक निळे पडत असेल, तर मुखावाटे काहीही न देता त्यास तत्काळ बालशल्यतज्ज्ञांकडे पाठवावे. अन्ननलिका मोकळी असल्याची खात्री होईपर्यंत जातकर्मातील मध-घृताचे चाटणही वर्ज्य समजावे.

कोणतेही अंजन वा घृत नसलेला नेत्र निर्माण करू शकत नाही. औषधविक्रेत्या बंधूंनीही तशी आशा विकू नये. नेत्रकोटरात लवकर साचा बसविल्यास त्याच्या वाढीस साहाय्य होते व पुढे कृत्रिम नेत्र बसविणे सुकर होते. पुढील अपत्यापूर्वी जनुकीय सल्ला अवश्य सुचवावा.

आणि मातेस निःसंदिग्धपणे सांगावे, की हा तिचा अपराध नव्हे.