त्रिरश्मीचा डोंगर आणि नाशिक शहर : गटाची एक दिवसाची सहल



दिवाळी झाली, शेतातली घाई थोडी उरकली की गटाच्या बैठकीत सहलीचा विषय निघतोच. नाशिकला जायचे ठरले तर रामकुंड, काळाराम, सीतागुंफा ही ठिकाणे सगळ्यांना ठाऊक असतात. आज मी त्यांच्या आधी एक ठिकाण जोडायला सांगणार आहे. शहरापासून साधारण आठ किलोमीटरवर, मुंबई-आग्रा रस्त्यालगत त्रिरश्मी डोंगर आहे. त्यात 24 बौद्ध लेणी आहेत. लोक त्यांना पांडवलेणी म्हणतात, पण त्यांचा पांडवांशी संबंध नाही. हे भिक्षूंचे राहण्याचे विहार. दोन हजार वर्षांपूर्वीपासून पुढे काही शतके ते खोदले गेले.

इतका जुना दगड बघून आपल्याला काय मिळणार, असे कोणी विचारील. तर ऐका. त्या भिंतींवर पैशाचा हिशेब कोरलेला आहे. तोही आपल्या बचत गटाच्या बाईला चटकन कळेल असा.

पायथ्यापासून सुमारे दोनशे पायऱ्या चढाव्या लागतात. वर गेल्यावर आधी लेणे क्रमांक 10 बघा. राजा नहपान याचा जावई उषवदात याने हे लेणे भिक्षुसंघाला दिले. साधारण 1900 वर्षांपूर्वीची गोष्ट. विहार तर दिला, पण भिक्षूंच्या वस्त्रांचा खर्च दरवर्षी कोण करणार? त्यासाठी त्याने 3000 कार्षापण बाजूला काढले. कार्षापण म्हणजे तेव्हाचे नाणे. ही रक्कम त्याने गोवर्धन गावच्या विणकरांच्या श्रेणींकडे ठेवली. श्रेणी म्हणजे एका धंद्यातल्या लोकांचा संघ. एका श्रेणीकडे 2000 ठेवले, व्याज दरमहा शेकडा एक. दुसरीकडे 1000 ठेवले, व्याज दरमहा शेकडा पाऊण.

आता हिशेब करू. 2000 ला शेकडा एक म्हणजे महिन्याला 20. वर्षाचे झाले 240. लेखात लिहिले आहे की पावसाळ्यात इथे राहणाऱ्या 20 भिक्षूंना प्रत्येकी 12 कार्षापण वस्त्रासाठी द्यायचे. वीस गुणिले बारा किती? बरोबर 240! दुसऱ्या 1000 चे व्याज वर्षाला 90, ते भिक्षूंच्या इतर खर्चासाठी. मुद्दल परत मागायचे नाही, खर्च फक्त व्याजातून. याला लेखात ‘अक्षयनीवी’ म्हटले आहे, म्हणजे कधी न संपणारी ठेव.

यापुढची ओळ मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. हा व्यवहार गावाच्या सभेत ऐकवला आणि रीतीप्रमाणे नोंदवून ठेवला, असे त्यात लिहिले आहे. बैठकीत मोठ्याने वाचायचे आणि वहीत लिहायचे. आपण गटात दर महिन्याला दुसरे काय करतो? ज्या गटात वाचन थांबते, तिथे हळूहळू कुरबुर सुरू होते, हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे.

या डोंगरावर बायकांची नावेही आहेत. याच दहाव्या लेण्यात उषवदाताची पत्नी दक्षमित्रा हिने एक खोली दान दिल्याचा लेख आहे. खोलीला त्यात ‘ओवरक’ म्हटले आहे. देवळातली आपली ‘ओवरी’ या शब्दाची नातलग. पुढे तिसऱ्या शतकात विष्णुदत्ता नावाच्या उपासिकेने आजारी भिक्षूंच्या औषधांसाठी ठेव ठेवली. तिने सगळा पैसा एकाच ठिकाणी ठेवला नाही. पाण्याची यंत्रे करणाऱ्यांच्या श्रेणीकडे 2000, तेल्यांच्या श्रेणीकडे 500, अशी वाटणी केली. एक धंदा बसला तरी औषध बंद पडू नये, हा त्याचा फायदा. क्रमांक 18 म्हणजे चैत्य, तिथे भिक्षू वंदनेला जमत. ते काम भट्टपालिका या स्त्रीने पूर्ण करविले.

लेणे क्रमांक 3 सगळ्यांत देखणे. ते गौतमी बलश्रीने दिले. ती सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीची आई. राजाच्या नावातच आईचे नाव आहे बघा! इथल्या एका लेखात राजा आणि राजमाता या दोघांच्या नावाने हुकूम आहे. भिक्षूंना आधी एका गावचे शेत दिले होते. पण ते गाव ओस पडलेले, शेत कोणी कसत नव्हते. कागदावर दान, हातात काही नाही. म्हणून त्या बदल्यात नगराच्या सीमेवरची राजाची जमीन दिली आणि तसे लिहून दिले.

या बायकांची ओळख लेखांत कुणाची मुलगी, कुणाची पत्नी, कुणाची आई अशीच आहे. त्या श्रीमंत घरच्या होत्या, हेही खरे. तरी देणारी म्हणून नाव त्यांचे स्वतःचे कोरले गेले, म्हणूनच आज आपण ते घेऊ शकतो. वाटेत एकमेकींना विचारा : घराच्या उताऱ्यावर, सातबाऱ्यावर, बँकेच्या खात्यावर आपल्यापैकी किती जणींचे नाव आहे?

डोंगर उतरला की पायथ्याशी बुद्धविहार आहे आणि दादासाहेब फाळके यांचे स्मारक. 1913 साली ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट काढणारे फाळके त्र्यंबकेश्वरचे. इथे झाडाखाली डबे सोडा आणि मग शहरात जा.

पंचवटीतल्या काळाराम मंदिरात दर्शन घ्याच, पण दरवाजापाशी क्षणभर थांबा. 2 मार्च 1930 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली इथे मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाड त्यात पुढे होते. दलित समाजातल्या शेकडो बायाही होत्या. तेव्हा दरवाजे बंद ठेवले गेले आणि लढा काही वर्षे चालला. सकाळी पाहिलेले विहार चारी दिशांहून येणाऱ्या भिक्षुसंघासाठी होते, असे तिथल्या लेखांत आहे. त्याच गावात पुढे माणसांना देवळाबाहेर थांबवले गेले. दोन्ही ठिकाणे एका दिवसात पाहिली की दरवाजा उघडा असण्याची किंमत कळते.

तिथून गोदाघाट जवळच. नारोशंकराच्या देवळाची घंटा बघा, ती वसईहून आणलेली पोर्तुगिजांची आहे. पुढे दुतोंड्या मारुती. पावसाळ्यात पाणी त्याच्या गुडघ्याला लागले की छातीला, यावरून नाशिककर पुराचा अंदाज घेतात. हातात वेळ उरला तर भांडी बाजारातून चक्कर मारा.

आता तयारीचे. सकाळी लवकर डोंगर चढा, उन्हात पायऱ्या जड जातात. प्यायचे पाणी आणि एक विजेरी घ्या, विजेरीच्या तिरप्या उजेडात अक्षरे ठळक दिसतात. ती ब्राह्मी लिपी आहे, आपल्याला वाचता येणार नाही. म्हणून ही माहिती एकीने आधी वाचून जावी आणि तिथे सगळ्यांना सांगावी. लेखांवर हात फिरवू नका, खडू लावू नका. पुरातत्त्व खात्याचे तिकीट लागते, 15 वर्षांखालच्या मुलांना नाही. गुडघे दुखणाऱ्या मावशीला पायथ्याशी एकटीला बसवू नका, कुणीतरी सोबत थांबा.

आणि परत आल्यावर पुढच्या बैठकीत गाडीभाडे, तिकीट, चहा, सगळा खर्च वाचून दाखवा आणि वहीत लिहा. नमस्कार!