बाळंतपणानंतरचा मलावरोध : घरच्यांनी जाणून घ्यावे असे काही

जमाखर्च व कार्यवृत्तान्त यांच्या जोडीने एखाद्या आरोग्यविषयक प्रश्नाची माहिती वार्षिक अहवालात देण्याची प्रथा आम्ही पाळत आलो आहोत. यंदा निवडलेला विषय काही वाचकांना अहवालाच्या पानांवर शोभणारा वाटणार नाही. बाळंतिणीला शौचास न होणे ही चारचौघांत बोलण्याची गोष्ट नव्हे, असे आपल्याकडे मानले जाते. ती बोलली जात नाही, म्हणूनच येथे मांडावी असे आम्हांस वाटले.

नैसर्गिक प्रसूती झालेल्या स्त्रीला सर्वसाधारणपणे ४८ तासांनी घरी पाठविले जाते. प्रसूतीनंतर पहिल्यांदा शौचास होते ते बहुधा दुसऱ्या ते चौथ्या दिवशी. म्हणजे अडचण सुरू होते त्या सुमारास ती आमच्या परिचारिकांच्या नजरेआड झालेली असते, आणि तिला काय खावयास द्यावे, किती पाणी प्यावयास द्यावे, हे सारे आई, सासू, नणंद यांच्या हाती गेलेले असते. त्यामुळे हा लेख जितका बाळंतिणीसाठी आहे, तितकाच, किंबहुना अधिक, तिच्या घरच्या मंडळींसाठी आहे.

गर्भारपणात प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाच्या प्रभावामुळे आतड्यांची हालचाल मंदावलेली असते. प्रसूतीनंतर ते प्रमाण झपाट्याने उतरते, तरी आतडी पूर्ववत होण्यास काही दिवस लागतात. प्रसूतिवेदनांच्या काळात पोटात अन्न फारसे गेलेले नसते. सिझेरियन झाले असल्यास आतड्यांचे काम एकदोन दिवस आणखी संथ राहते. पोटाचे व ओटीपोटाच्या तळाचे स्नायू ताणले गेल्याने जोर लागत नाही. या सर्वांवर मात करते ती भीती. योनिमार्गाजवळ टाके असलेली स्त्री शौचास बसताना ते उसवतील या धास्तीने वेग आवरून धरते. मोठ्या आतड्याचे कामच मुळी मळातील पाणी शोषून घेण्याचे असल्याने मळ जितका वेळ आत राहील तितका तो कोरडा व कठीण होत जातो. दुसऱ्या दिवशी सहज झाले असते ते चौथ्या दिवशी यातना देते, आणि त्या यातनेच्या आठवणीने पाचव्या दिवशीचा वेगही आवरला जातो. योग्य रीतीने घातलेले टाके शौचाच्या वेळी सहसा उसवत नाहीत, हे प्रत्येक बाळंतिणीला स्पष्ट शब्दांत सांगितले पाहिजे. मनाला धीर हवा असेल तर स्वच्छ, मऊ कापडाची घडी टाक्यांवर पुढच्या बाजूने हलकेच धरून बसावे. पुष्कळ स्त्रियांना एवढ्याने बरे वाटते.

आता पाण्याविषयी. बाळंतिणीला पाणी मोजून देण्याची चाल अनेक घरांत अद्याप आहे. पाण्याने पोट सुटते, टाके पिकतात, बाळाला सर्दी होते, अशी कारणे सांगितली जातात. विहिरीचे वा ओढ्याचे न उकळलेले पाणी ओल्या बाळंतिणीला बाधत असे, त्या काळात या चालीला काही अर्थ असावा. उकळलेले वा शुद्ध केलेले पाणी घरात असताना तो अर्थ उरत नाही. केवळ अंगावर पिणारे बाळ काही आठवड्यांचे होईपर्यंत दिवसाकाठी सुमारे पाऊण लिटर दूध घेऊ लागते, आणि आईच्या दुधात जवळजवळ ८७ टक्के पाणी असते. हे पाणी आईच्याच शरीरातून जाते. ती कमी पाणी प्याली तर दूध एकाएकी आटत नाही. शरीर अन्य ठिकाणी काटकसर करते आणि त्याची पहिली झळ लघवीला व शौचाला बसते. उलटपक्षी, तहान नसताना लोटेच्या लोटे पाणी प्यावयास लावल्याने दूध वाढते, हाही समज खरा नाही. बाळाला पाजावयास बसताच अनेक स्त्रियांना तहान लागते. त्या वेळी भरलेला तांब्या व भांडे तिच्या हाताशी असावे, आणि लघवी फिकट रंगाची होत आहे ना, एवढे पाहावे. पाणी कोमट असावे असा आजीचा आग्रह असेल तर तो अवश्य मानावा, त्यात काही बिघडत नाही.

आहाराच्या बाबतीत आपल्या परंपरेशी आमचे भांडण थोडे आहे. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, खारीक, मेथी, शेपू, बाजरीची भाकरी व वर तूप, हा बाळंतिणीचा आहार ज्यांनी ठरविला त्यांना पोटाची जाण होती. अळीव पाण्यात भिजले की बुळबुळीत होऊन फुगते, डिंकही पाणी धरून ठेवतो, आणि त्यामुळे मळ मऊ राहतो. मात्र हे दोन्ही पदार्थ भरपूर पाणी मिळाले तरच उपयोगी पडतात. लाडू द्यावयाचे आणि पाणी तोडावयाचे, असे केल्यास तेच लाडू त्रासाला कारण होतात. आम्हांला खटकते ते पहिले दहाबारा दिवस केवळ मऊ भात, तूप व जिरे यांवर ठेवण्याचे पथ्य. त्यात चोथा जवळजवळ नसतो. नैसर्गिक प्रसूतीनंतर पहिल्या दिवसापासून, व सिझेरियननंतर डॉक्टरांनी नेहमीच्या आहारास अनुमती दिल्यावर, भाकरी, सालीसकट मुगाचे वरण, दुधी, दोडका, पडवळ, पालेभाजी हे सर्व द्यावे. पिकलेली पपई, केळे, पेरू, रात्री भिजविलेल्या काळ्या मनुका वा अंजीर यांनी बाळाला सर्दी वा पोटदुखी होते असे मानण्यास आधार नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीनुसार स्तनपानाच्या पहिल्या सहा महिन्यांत आईला रोज ६०० कॅलरी अधिक लागतात. शौचाच्या भीतीने जेवणच कमी करणाऱ्या स्त्रिया आम्ही पाहतो. त्यांना रागावण्यापेक्षा भीतीचे कारण दूर करणे श्रेयस्कर.

लोहाच्या गोळ्यांचा प्रश्न याहून गंभीर आहे. शासनाच्या कार्यक्रमानुसार प्रसूतीनंतर १८० दिवस रोज ६० मिलिग्रॅम लोह व त्यासोबत फॉलिक आम्ल घ्यावयाचे असते. गोळीतील लोहाचा थोडा अंश रक्तात जातो. उरलेला आतड्यात राहून मळ काळसर व काहींच्या बाबतीत कठीण करतो. चार दिवस शौचास त्रास झाला की गोळ्यांची पाकिटे फळीवर जातात व तेथेच राहतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ या वयोगटातील ५७ टक्के भारतीय स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आढळल्या होत्या. प्रसूतीत रक्त गेलेले, पुढे स्तनपानाचा भार, आणि त्यात गोळ्या बंद, हे मलावरोधाचे सर्वांत महाग मोल आहे. गोळी सोसत नसेल तर डॉक्टरांना सांगावे. लोहाचा दुसरा क्षार देता येतो, काहींना एक दिवसाआड गोळी देऊन पाहता येते. कॅल्शियमची गोळी व चहा लोहाच्या गोळीपासून दूर ठेवावा.

वेदनाशामकांपैकी पॅरासिटामॉल व आयब्युप्रोफेन यांनी सहसा मलावरोध होत नाही व स्तनपानातही ती चालतात. कोडीन व ट्रॅमाडॉल मात्र आतडी मंद करतात, शिवाय दुधातून बाळापर्यंत पोहोचतात. अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २०१७ साली स्तनदा मातांना ती न देण्याचा इशारा दिला. शेजारणीने दिलेली गोळी घेण्यापूर्वी हे ध्यानात असावे.

एवढे करूनही शौचास होत नसेल तर औषध घेण्यात कमीपणा नाही. इसबगोलाचा भुसा आतड्यातून रक्तात शोषला जात नाही, त्यामुळे दुधात येण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. चहाचा एक चमचा भुसा पेलाभर पाण्यात घालून लगेच प्यावा व त्यावर आणखी एक पेला पाणी घ्यावे. कोरडा वा अपुऱ्या पाण्यात घेतल्यास तो आतड्यात अडकू शकतो. लॅक्ट्युलोजचे पातळ औषधही जवळपास शोषले जात नाही. ते एकदोन दिवसांत लागू पडते. बिसॅकोडिलच्या गोळ्या अधूनमधून घ्यावयास हरकत नाही, मात्र वैद्यकीय सल्ल्याने. घरगुती चूर्णांत बहुधा सोनामुखी असते. नेहमीच्या मात्रेत ती बाळाला अपाय करते असे दिसत नाही, तथापि चूर्णात ती किती आहे हे कळत नसल्याने आम्ही तो मार्ग सुचवीत नाही. एरंडेल देऊ नये. त्याने पोटात पिळे येतात व जुलाबाने आईच्या अंगातले पाणीच जाते.

बाळाविषयीची एक शंका आम्हांला वारंवार विचारली जाते. आईने रेचक घेतल्यावर बाळाला दिवसातून पाचसहा वेळा पातळ, पिवळी शी झाली की दोष औषधावर येतो. अंगावर पिणाऱ्या तान्ह्या बाळाची शी मुळातच पातळ, पिवळी व दाणेदार असते. पुढे दीड महिन्यानंतर तेच बाळ कधी चारपाच दिवस शी करीत नाही, आणि ती मऊ असेल व बाळ नीट पीत असेल तर तेही प्रकृतीला धरूनच असते.

याखेरीज एक साधी गोष्ट राहते, जिला पैसे लागत नाहीत. सकाळच्या न्याहारीनंतर आतड्यांना आपोआप चालना मिळते आणि नेमके त्याच वेळी बाळ रडू लागते. आई उठते, वेग निघून जातो. घरातील कोणीही, वडिलांनीही, रोज त्या वेळी पंधरावीस मिनिटे बाळ घ्यावे. शौचकूप पाश्चात्त्य पद्धतीचा असेल तर पायांखाली बुटका पाट ठेवावा, गुडघे कमरेच्या वर येतील असे बसावे, कुंथू नये. सकाळ-संध्याकाळ घरातल्या घरात चालावे.

शौचाच्या वेळी काचेने कापल्यासारखी वेदना होऊन ताजे लाल रक्त दिसले तर ती बहुधा गुदद्वाराची चीर असते. तिला सरसकट मूळव्याध म्हणून गावठी मलम लावीत बसू नये. कोमट पाण्याच्या टबात बसणे व मळ मऊ ठेवणे यांनी बहुतेक चिरा भरून येतात. प्रसूतीत गुदद्वाराच्या स्नायूपर्यंत जखम झालेल्या स्त्रीने बस्ती वा गुदमार्गाने घ्यावयाचे औषध स्वतःहून वापरू नये. तिला सुरुवातीपासून मळ मऊ करणारे औषध लागते. वारा वा मळ आवरत नसेल तर ते लाजेने लपवू नये, त्यावर उपचार आहेत. पोट फुगणे, उलट्या, वारा अजिबात न सरणे, ताप, काळे डांबरासारखे वा पुष्कळ रक्त जाणे, यांपैकी काहीही आढळल्यास सहाव्या आठवड्याच्या तपासणीची वाट न पाहता, दिवस असो वा रात्र, आमच्या तातडीच्या विभागात यावे, आणि येताना बाळालाही सोबत आणावे.